आकडा खरा कशावरून? जलविज्ञानात येऊ पाहणाऱ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: भौतिकशास्त्राची पदवी होत आली आहे, पाण्यावरचं संशोधन आणि पर्यावरणातलं सेन्सरचं काम खुणावतंय, जमलं तर पुढे प्राध्यापकही व्हायचंय. तर या लोकांचा दिवस कसा जातो, काय शिकून यावं, आणि उमेदीची वर्षं घालवावीत असं यात काही आहे का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते. आहे. तीस वर्षं मी हेच केलं, आता निवृत्तीला टेकले आहे, आणि अजूनही सकाळी उठल्यावर आधी ओढ्यावरच्या केंद्राचे रात्रीचे आकडे बघते. फक्त एक सांगून ठेवते. पाणी वाचवायचं म्हणून या क्षेत्रात येणारे पुष्कळ असतात आणि त्यांची तळमळ खरी असते. पण वीस वर्षांनी जे या कामात उरलेले दिसतात त्यांची खोड निराळी असते. एखादा आकडा विचित्र आला की त्यांना झोप लागत नाही. तुमच्यात ती खोड असेल तर पुढचं वाचा.

मला ती कशी लागली ते सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका निरीक्षण विहिरीत मी दाबमापक सोडला होता. बोटाएवढी स्टीलची नळी, तिच्या टोकाला पातळ पडदा. वर पाणी जितकं जास्त तितका पडद्यावर दाब जास्त, आणि दाबावरून पाण्याची उंची. दोन महिन्यांच्या नोंदी हाती आल्या. पावसाचा थेंब नसताना पातळी चार-पाच दिवसांच्या लयीत दहा-दहा सेंटिमीटर वरखाली होत होती. मी हरखून गेले. दूरच्या डोंगरातून पुनर्भरणाच्या, म्हणजे जमिनीत मुरलेल्या पाण्याच्या, लाटा येताहेत असा सिद्धांत रचला, आलेख काढले, वीस पानं लिहिली. ती पानं घेऊन मार्गदर्शकांकडे निघाले असताना प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ वाटेत भेटले. त्यांनी आलेखावरून एक नजर फिरवली आणि विचारलं, "हवेचा दाब वजा केलात ना?"

केला नव्हता. बंद दाबमापकाला पाणी कुठलं आणि पाण्यावरची हवा कुठली हे कळत नाही, तो दोन्हींचं ओझं मिळून सांगतो. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने वाढला की पातळी साधारण एक सेंटिमीटर चढल्यासारखी दिसते, आणि हवामान बदलताना दहा हेक्टोपास्कलचा फरक पडणं ही काही मोठी गोष्ट नाही. माझ्या पुनर्भरणाच्या लाटा म्हणजे डोक्यावरून गेलेली कमी-जास्त दाबाची हवा होती. वीस पानं टोपलीत गेली.

खरी गंमत त्यानंतर आहे. जवळच्या हवामान केंद्रातल्या नोंदी आणून दाब वजा केला, तरी आलेख सपाट होईना. उलट्या दिशेची एक बारीक लय उरली. हवेचा दाब वाढला की विहिरीतलं पाणी खरोखरच थोडं उतरत होतं. तिथला जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा खडकाचा थर, चिकणमातीच्या जाड थराखाली कोंडलेला होता. उघड्या विहिरीतल्या पाण्यावर हवेचा दाब पुरेपूर पडतो. जमिनीखाली मात्र त्यातला काही भार खडकाचा सांगाडा स्वतःवर घेतो आणि उरलेलाच पाण्यापर्यंत पोचतो. मग विहिरीतलं थोडं पाणी खडकात ढकललं जातं. ते किती उतरतं यावरून खडकाचा सांगाडा किती ताठ आहे याचा अंदाज येतो, तोही एकदाही पंप न लावता. माझा पहिला शोधनिबंध त्या उरलेल्या लयीवर झाला. तंत्रज्ञांचं नाव त्यात सहलेखक म्हणून होतं, आणि ते मी मागे लागून घालायला लावलं होतं.

आपल्याला जे हवं असतं ते बहुतेक यंत्रं मोजतच नाहीत, त्याच्या शेजारचं काहीतरी मोजतात. दाबमापक वजन मोजतो, आपण पातळी म्हणतो. मातीतला 'ओलावा सेन्सर' ओलावा मोजत नाही, माती विद्युतक्षेत्राला कसा प्रतिसाद देते ते मोजतो. या प्रतिसादाचं माप म्हणजे परावैद्युत स्थिरांक: पाण्याचा ८० च्या आसपास, मातीतल्या खनिजांचा ३ ते ५, हवेचा १. या तफावतीच्या जोरावर ओलावा काढता येतो. १९८० मध्ये टॉप नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी जे समीकरण दिलं ते आजही वापरात आहे. पण मातीत क्षार वाढले, चिकणमाती जास्त निघाली किंवा सेन्सरच्या काट्यांभोवती हवेची फट राहिली, की तोच सेन्सर बिनधास्त खोटं बोलतो. यंत्र मोजतं ते आणि आपल्याला हवं ते, या दोहोंमधल्या दरीत आमचा धंदा चालतो.

नदीचं बघा. सेकंदाला किती पाणी वाहून गेलं, म्हणजे विसर्ग, हा आकडा धरणाच्या आराखड्यापासून पुराच्या इशाऱ्यापर्यंत सगळीकडे लागतो. पण बहुतेक केंद्रांवर सतत मोजली जाते ती फक्त पाण्याची पातळी. अधूनमधून कोणीतरी नदीत उतरतं किंवा पुलावरून यंत्र सोडतं, पात्राचे उभे पट्टे पाडतं आणि प्रत्येक पट्ट्यात वेग मोजतं. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर, कारण तिथला वेग पूर्ण खोलीच्या सरासरीच्या जवळ जातो. खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ वर, आणि त्या दोहोंची सरासरी. असे तीस-चाळीस बिंदू जमले की पातळी आणि विसर्ग यांची वक्ररेषा काढतात. पुढची कित्येक वर्षं फक्त पातळी वाचायची आणि वक्ररेषेवरून विसर्ग सांगायचा. आता विचार करा, महापुरात पाण्यात उतरलंय कोण? वक्ररेषेचं वरचं टोक बहुतेक वेळा अंदाजाने ओढलेलं असतं. त्यातून पुराने तळ खरवडला किंवा गाळ टाकला की खालचं टोकही बदलतं. म्हणजे इतिहासातला सर्वांत मोठा पूर म्हणून जो आकडा आपण आदराने वाचतो, तो पुष्कळदा सर्वांत कमी मोजलेला असतो. नवीन विद्यार्थ्याला मी पहिल्या महिन्यात एखाद्या केंद्राची मूळ मोजमापं काढायला लावते आणि सर्वांत वरचा प्रत्यक्ष बिंदू कुठे आहे ते शोधायला सांगते. बहुतेकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

लहान, खडकाळ, उसळत्या ओढ्यात पट्टे पाडणं शक्य नसतं. तिथे आम्ही मीठ वापरतो. वजन केलेलं एक किलो मीठ बादलीभर ओढ्याच्याच पाण्यात पूर्ण विरघळवायचं, एका झटक्यात ओतायचं, आणि मीठ नीट मिसळेल इतकं खाली जाऊन पाण्याची विद्युतवाहकता दर सेकंदाला टिपायची. आधी काही होत नाही. मग आकडा चढू लागतो, शिखर गाठतो आणि लांब शेपूट सोडत उतरतो. त्या वक्राखालचं क्षेत्रफळ समजा लिटरमागे २० ग्रॅम-सेकंद भरलं, तर १००० भागिले २०, विसर्ग सेकंदाला ५० लिटर. ना दाबमापकाची नळी, ना वेग मोजायचं चक्र. तरीही दरी इथे आहेच. वाहकता म्हणजे मीठ नव्हे, म्हणून त्याच ओढ्याच्या पाण्यात मोजून मीठ घालून आधी पडताळणी करावी लागते, आणि तापमान एक अंशाने बदललं तर वाहकता सुमारे दोन टक्के बदलते. पहिल्या खेपेला सगळे शेपूट संपायच्या आत मोजणं थांबवतात. त्याने क्षेत्रफळ कमी भरतं आणि ओढा उगाच मोठा होतो.

या विषयाच्या इतिहासातही मोठी वळणं मोजमापानेच आली आहेत. एके काळी युरोपातल्या बऱ्याच विद्वानांना वाटायचं, पावसाने नद्या भरणं शक्य नाही. समुद्राचं पाणी जमिनीखालून वाटा काढत झऱ्यांना मिळत असणार. १६७४ मध्ये पिएर पेरो या फ्रेंच गृहस्थाने सेन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यावर पडलेला पाऊस आणि नदीतून गेलेलं पाणी यांचा हिशोब मांडला. पाऊस नदीच्या सुमारे सहापट निघाला. मोजमाप ओबडधोबड होतं, पण उत्तर सहापट असताना थोडी चूक खपते. त्या दिवसापासून प्रश्न उलटा झाला: उरलेलं पाणी जातं कुठे? आम्ही अजून त्याच्याच मागे आहोत.

दुसरं वळण माझ्या आवडीचं आहे. पाऊस पडतो, काही तासांत ओढा फुगतो. साहजिकच वाटतं की वाहतंय ते आत्ताच पडलेलं पाणी. ऑक्सिजनच्या जड समस्थानिकाचं प्रमाण पावसागणिक बदलतं, त्यामुळे ते पाण्याच्या ओळखपत्रासारखं वापरता येतं. स्क्लॅश आणि फार्वोल्डन यांनी १९७९ मध्ये ते वापरून दाखवलं की पुराच्या वेळी ओढ्यात बराचसा वाटा जुन्या पाण्याचा, म्हणजे पावसाआधीच जमिनीत साठलेल्या पाण्याचा असतो. भरलेल्या नळीत एका टोकाने पाणी ढकललं की दुसऱ्या टोकाने लगेच पाणी बाहेर येतं, पण ते आधीपासून नळीत असलेलं. दाबाची लाट झपाट्याने जाते, पाण्याचा कण सावकाश जातो. नळीचं उदाहरण सोपं आहे. अख्खा डोंगरउतार महिनोन्‌महिने जपलेलं पाणी तासाभरात कसा सोडतो, हे मात्र अजून पूर्ण सुटलेलं नाही. तोवरची अनेक गणिती प्रारूपं पुराचा आलेख छान जुळवत होती आणि पाणी मात्र भलतंच वाहवत होती. प्रारूप जुळलं म्हणून खूश होणाऱ्या विद्यार्थ्याला मी हे ऐकवते. जलवैज्ञानिक किथ बेव्हन यांनी तर हे हयातभर मांडलं आहे की वेगवेगळ्या कारणांची प्रारूपंही तितकंच चांगलं उत्तर देऊ शकतात.

सेन्सरबद्दल विचारलंय, तर माझ्या कारकिर्दीत ज्याने काम बदललं त्या एका गोष्टीबद्दल लिहिते: प्रकाशतंतूची, म्हणजे ऑप्टिकल फायबरची केबल. तेलविहिरी आणि आगीच्या इशाऱ्यांसाठी आधीपासून असलेलं हे तंत्र जॉन सेल्कर आणि सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास ओढ्यांत आणि बर्फात वापरून दाखवलं. केबलमध्ये लेझरची दहा नॅनोसेकंदांची ठिणगी सोडायची. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, तेव्हा जाऊन-येऊन हिशोब केला तर ही ठिणगी म्हणजे केबलचा साधारण एक मीटरचा तुकडा. काचेच्या रेणूंवर आपटून थोडा प्रकाश बदललेल्या रंगाने मागे येतो. त्यातल्या एका रंगाची तीव्रता तापमानावर चांगलीच अवलंबून असते, दुसऱ्याची फारच कमी; दोहोंचं गुणोत्तर म्हणजे तापमान, आणि परत यायला लागलेला वेळ म्हणजे जागा. एका किलोमीटरच्या केबलवर हजार थर्मामीटर.

पहिल्यांदा आम्ही ती ओढ्याच्या तळाशी अंथरली तेव्हा पूर्ण दिवस दगड ठेवण्यात गेला. केबल तरंगू नये म्हणून दर दोन पावलांवर दगड. दोन्ही टोकांना केबलची वेटोळी, एक बर्फाच्या पाण्यात, एक कोमट पाण्यात; त्यांचं तापमान वेगळ्या थर्मामीटरने मोजून त्यावर सगळ्याची पडताळणी. दुपारी पडद्यावर ओढा हळूहळू तापताना दिसू लागला, आणि एका जागी दोन-तीन मीटरचा गार पट्टा. जमिनीतलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला राहतं, म्हणून उन्हाळ्यात ते गार लागतं. तिथे ते तळातून ओढ्यात शिरत होतं. त्या जागेवरून आम्ही वर्षभर चालत गेलो होतो. त्याच पडद्यावर एक उष्ण ठिपकाही होता. तासभर आम्ही गरम झऱ्याची स्वप्नं पाहिली. जाऊन बघितलं तर दगड घसरून केबल पाण्याबाहेर आली होती आणि ऊन खात पडली होती. पुढच्या वर्षी उंदरांनी केबल कुरतडली, ते वेगळंच.

वरून मोजण्याबद्दलही दोन शब्द. वैश्विक किरणांमुळे जमिनीलगत न्यूट्रॉन तयार होतात, आणि त्यांचा वेग हायड्रोजन, म्हणजे मुख्यतः पाणी, कमी करतं. वेगवान न्यूट्रॉन किती उरले ते मोजून कित्येक एकरांचा सरासरी ओलावा कळतो. या यंत्राचा आवाका आधी त्रिज्येने सुमारे तीनशे मीटर मानला जाई. २०१५ च्या नव्या गणिताने तो बराच कमी ठरला. यंत्र तेच, आपली समज बदलली. ग्रेस ही उपग्रहांची जोडी २००२ ते २०१७ या काळात एकमेकांपासून साधारण २२० किलोमीटरवर राहून तेवढ्या अंतरातला मायक्रॉनचा फरक टिपत होती, खालच्या पाण्याच्या वजनाने गुरुत्वाकर्षण बदललं की ते अंतर बदलतं, आणि त्यावरून भूजलाची घटवाढ कळायची. २०१८ पासून तिची वारसदार जोडी ते काम करते. अफाट काम आहे, पण शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात. तुमच्या विहिरीबद्दल उपग्रहाला काही ठाऊक नसतं.

आता दिवस कसा जातो ते. निराशा होईल. प्रत्यक्ष ओढ्या-विहिरींवर माझे वर्षाला तीस-पस्तीस दिवस जमले तरी भरपूर. बाकी वेळ शिकवणं, विद्यार्थ्यांचे मसुदे वाचणं, प्रकल्पांचे प्रस्ताव लिहिणं आणि त्यातले बरेच नाकारले जाणं, बैठका, आणि लॉगर, म्हणजे सेन्सरच्या नोंदी साठवणारं यंत्र, का बंद पडला याचे फोन. शिकवायचा कंटाळा असेल तर प्राध्यापक होऊ नका. सर्वेक्षण संस्था, पूर-इशारा केंद्रं, सेन्सर बनवणारे उद्योग, सगळीकडे हेच काम आहे आणि बैठका बहुधा कमी.

माझी एक सल सांगते. एका पाणलोटात आम्ही अकरा वर्षं अखंड नोंदी ठेवल्या. प्रकल्प तीन-तीन वर्षांचे, म्हणून दर वेळी नवा प्रश्न शोधून त्याच्या आडून केंद्र जगवायचं. बाराव्या वर्षी निधी देणाऱ्यांनी सांगितलं, यात नवीन काही नाही. केंद्र बंद झालं. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिथे असा दुष्काळ पडला की ओढा पहिल्यांदा आटला, आणि कुठल्या आठवड्यात आटला हे कोणालाच सांगता येत नाही. जलवैज्ञानिक हॅरल्ड हर्स्ट नाईलच्या शतकानुशतकांच्या नोंदी चाळत बसले म्हणून १९५१ मध्ये त्यांना दाखवता आलं की दुष्काळी वर्षं आणि सुकाळी वर्षं विखरून न येता टोळ्यांनी येतात, आणि म्हणून धरणाचा साठा साध्या हिशोबापेक्षा मोठा लागतो. तीन वर्षांच्या नोंदीत टोळी दिसत नाही.

म्हणूनच काय शिकावं याच्या उत्तरात संख्याशास्त्राला मी सर्वांत वर ठेवते. विशेषतः आजचा आकडा कालच्यावर अवलंबून असताना काय करायचं ते. महाविद्यालयात शिकवतात ती बहुतेक सूत्रं नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं धरून चालतात, आणि पाणी तसं वागत नाही. भौतिकशास्त्र तुमच्याकडे आहेच. द्रवगतिकी आणि मातीतल्या पाण्याचं भौतिकशास्त्र जोडा. वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं हे सांगणारा दार्सीचा १८५६ चा नियम वाळूची नळी भरून स्वतः करून बघा. प्रोग्रामिंग तर येतच असेल. इलेक्ट्रॉनिक्स मात्र हाताने शिका: डाग देणं म्हणजे सोल्डरिंग, मल्टिमीटर, बॅटरी थंडीत किती टिकते, खोक्यात दमट हवा शिरली की काय होतं. माझ्या अनुभवात सेन्सर क्वचित मरतात. मरतात ते जोड. पाणी वायरवरून ओघळत खोक्यात शिरतं, म्हणून वायर आत जाण्याआधी खाली झोळ द्यायचा, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो. हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, एक हिवाळा वाया गेल्यावर कळलं.

स्वस्त सेन्सरचा सध्या सुकाळ आहे. ते जरूर वापरा. आफ्रिकेत ताहमो नावाचा उपक्रम सेल्कर आणि निक व्हान द खीसन यांनी सुरू केला. वीस हजार हवामान केंद्रांचं उद्दिष्ट ठेवून अनेक केंद्रं शाळांच्या आवारात बसवली जातात. मला त्यातली हुशारी यंत्रापेक्षा जागेत दिसते, कारण शाळेत यंत्राकडे बघणारं रोज कोणीतरी असतं. आणि वीस सेन्सर आणलेत तर बसवण्याआधी वीसही एकाच बादलीत रात्रभर ठेवा. सकाळी वीस निरनिराळी उत्तरं मिळतील.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे निबंध कमी वाचा, त्यांच्या विद्यार्थ्यांशी जास्त बोला. विचारा की यंत्र बिघडल्याचं सांगितलं तर सर किंवा मॅडम काय म्हणतात. "आलेखातून ते दिवस काढून टाक" असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. सुरक्षेचंही विचारा. पाण्यात एकट्याने उतरायचं नाही, आणि खोली मीटरमध्ये गुणिले वेग मीटर प्रति सेकंद हा गुणाकार एकच्या जवळ आला तर कोणीच उतरायचं नाही. एवढा साधा नियम जिथे पाळत नाहीत तिथे बाकीचंही पाळत नसतात.

प्रवेशाच्या अर्जाआधी एक करून बघा. टिपिंग बकेट पद्धतीचे दोन सारखे पर्जन्यमापक घ्या. त्यांत सी-सॉसारखा दुहेरी डबा असतो, एक बाजू भरली की उलटतो आणि एक नोंद होते. तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर असेल तर ०.२ मिलिमीटर पावसाला सुमारे ६.३ मिलिलिटर पाणी. दोन्ही एक मीटर अंतरावर ठेवा, शेजारी एक साधी सरळ बरणी ठेवा, आणि एक पावसाळी महिना नोंदी घ्या. तिन्ही जुळणार नाहीत. जोराच्या सरीत डबा उलटता उलटता काही पाणी न मोजता जातं, वाऱ्यात थेंब तोंडावरून निसटतात, गाळणीत कोळी बसतो, डबा किंचित तिरका असतो. तुमच्या बाबतीत यातलं काय झालं ते शोधा. मग तिन्ही नोंदी आणि कारणांचा कागद घेऊन ज्या प्राध्यापकांकडे जायचंय त्यांना भेटा. गुणपत्रिका दुसऱ्या भेटीत दाखवली तरी चालेल.